छाती-उंची

“मॅडम, झाडं बारीक होतात का हो?” स्वातीनं विचारलं, आणि उर्वशीच्या हातातला चहा बशीत थोडा सांडला. स्वाती सांख्यिकीत एम.एस्सी. झालेली. वनखात्याच्या चंद्रपुरातल्या या कार्यालयात येऊन तिला चार महिने झाले होते, आणि जुन्या हस्तलिखित नोंदवह्या संगणकावर चढवण्याचं रटाळ काम ती कोणाची जुनी पत्रं वाचावीत तशा आवडीनं करत होती. पडद्यावर तिनं एक आलेख काढला होता. आलापल्लीच्या पुढच्या जंगलातला सागाचा सात नंबरचा नमुना प्लॉट, त्यातली शंभर झाडं, त्यांच्या बुंध्यांचा सरासरी घेर, वर्षवार. रेघ वर्षानुवर्षं सवयीच्या चढणीवरून चालत आलेली. दोन हजार दहा साली ती पायरी चढल्यासारखी एकदम वर गेली, तीन वर्षं त्या वरच्या चढणीवरून चालली, आणि तेरा साली खाली उतरली. “एका वर्षात शंभर झाडं जवळपास एक सेंटिमीटरनं बारीक,” स्वाती म्हणाली. “तेराच्या गार्डनं शेरा मारलाय, टेप बदलला. म्हणून साहेबांनी त्या वर्षाची नेहमीची वाढही धरून पुढच्या सगळ्या वर्षांत दीड-दीड सेंटिमीटर मिळवून रेघ सरळ करून टाकली. दहाची उडी मात्र खरी धरलीय. नऊ साली विरळणी झाली, मधली झाडं काढली, म्हणून उरलेली चौपट वाढली, असं. पण मॅडम, ही उडी मला बरी दिसत नाही. दहा-अकरा-बाराची मोजणी कोणा कु. उ. शेंडे यांची आहे. आता कुठं असतील कोण जाणे. अक्षर काय सुंदर आहे बघा.”

उर्वशीनं पाहिलं. अक्षर खरंच सुंदर होतं. आकडे मुंग्यांसारखे रांगेत, खाडाखोड नाही, सातावर आडवी रेघ. ती आता सातावर रेघ देत नसे. केव्हा सोडली ते आठवेना. ती आता सौ. निकुरे होती, वनपाल होती, कार्यालयात तिच्या टेबलावर तशी पाटी होती, आणि कु. उ. शेंडे या मुलीला ओळखणारं या मजल्यावर कोणी नव्हतं. “बघते,” ती म्हणाली, आणि बशीतला चहा परत कपात ओतला. खिडकीच्या चौकटीवर कोळशाची काळी पूड बसली होती, सकाळी पुसली तरी अकरापर्यंत बसतेच. तिनं त्यावर बोटानं एक आडवी रेघ ओढली. चार वाजता बैठक होती. साहेबांचा प्रस्ताव त्याच उडीवर उभा होता: पुढच्या आराखड्यात सगळ्या सागवनांत विरळणी वाढवायची, पाचातलं एक झाड काढायचं त्याऐवजी तिनातलं एक. संध्याकाळी फाईल नागपूरला जाणार होती. त्या फाईलवर तपासणी करणाऱ्यांत तिची सही होती, आणि त्याच महिन्यात वनक्षेत्रपालपदासाठी तिचं नाव वर गेलं होतं. गार्डापासून चढत तिथवर गेलेली बाई या विभागात अजून झाली नव्हती.

छाती-उंची म्हणजे जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटर. तिथंच टेप गुंडाळून झाडाचा घेर घ्यायचा, हा खात्याचा नियम. कारण बुंधा खाली जाड असतो, वर बारीक, आणि टेप वीतभर जरी खाली सरकला तरी झाड कागदावर जाड होतं. हे आज तिला झोपेतही सांगता आलं असतं. तेव्हा सांगता आलं नसतं. गणितात बी.एस्सी. करून ती गार्ड झाली होती. भरतीच्या फॉर्मवर उंची होती, वजन होतं, आणि छातीपुढं कंसात ‘फक्त पुरुष उमेदवार’ असं छापलं होतं. उंचीच्या पट्टीखाली ती बरोबर दीडशे सेंटिमीटर भरली, एक केस इकडं नाही की तिकडं नाही. सोळा किलोमीटर चालण्याच्या परीक्षेत तिसरी आली. प्रशिक्षण मात्र दीड वर्षानं मिळायचं होतं, तोवर जंगलात जाऊन शिकायचं. शिकवायला होते दादाजी भाऊ. तीस वर्षं त्याच बीटात फिरलेला, उंच, वाकडा, सावकाश माणूस, महिनाअखेर निवृत्त होणारा. उन्हाळ्यात वणवा जाऊन झाडांवरचे जुने पांढरे पट्टे जळाले होते. ते नव्यानं मारायचे आणि त्यावर टेप धरायचा. पहिल्या झाडाशी दादाजी भाऊ थांबले. “हे पाहा बाई, घेर घ्याचा तो... असं... इथी,” म्हणून त्यांनी हवेत कुठंतरी हात फिरवला, आणि तिच्याकडं न पाहता दूरच्या मोहाच्या झाडाकडं पाहिलं. “इथी म्हणजे कुठं, भाऊ?” “आपापल्या अंगाच्या हिशेबानं घ्याचा. समजून जा तुमी.” ती समजली. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला जे न बोलता समजायला हवं असतं ते सगळं तिला समजत असे. तिनं टेप आपल्या छातीशी आणला आणि झाडाभोवती घातला.

झाडाचा घेर घ्यायचा तर त्याला मिठी मारावी लागते. टेपाचं टोक एका हातात, दुसरा हात पलीकडून वळवून आणायचा, त्या क्षणी गाल सालीला लागतो. सालीला उन्हाचा वास असतो. भेगांतून लाल मुंग्या चालतात, त्या मानेवर येतात, पण टेप सुटू द्यायचा नाही. दादाजी भाऊ अशा वेळी पाठ करून उभे राहत, घाटावर बाया असल्या की पुरुष राहतात तसे. आणि ती आकडा ओरडून सांगे, तो ते कच्च्या वहीत टिपत, पाठमोरेच. त्यांच्या नंतर तिच्यासोबत सोमारी असे. जवळच्या जंगलातल्या गावची मजूर बाई, रंगाचा डबा धरायला. सोमारीला लाज नावाची गोष्ट माहीत नव्हती. “बाई, सकाळपासून बावीस झाडाले गळ्यात घेतलं. नवऱ्याले काय ठेवशील?” “नवरा कुठं आहे अजून?” “मंग घे, घे. सराव होते.” आणि दोघी हसत सुटत. सागाची पानं खरखरीत, कुस्करली की बोटं लाल होत. दुपारी नाल्याच्या कडेला डबा उघडायचा, सोमारीच्या भाकरीतला तुकडा घ्यायचा. घरी आईला वाटे पोरगी वनवासात गेली. मावशी विचारी, वाघाचं काय? वाघापेक्षा तिला तिथं काही नसण्याचंच नवल वाटे. कोणी पाहत नव्हतं, कोणी थांबवत नव्हतं. शंभर झाडं तिची होती, आणि ती मोजली की वहीत शंभर स्वच्छ आकडे उतरत. इतकं पुरेपूर सुख पुढं फार वेळा आलं नाही. आता खिडकीशी बसून तिला पहिल्यांदा वाटलं, की ते सुख चुकीच्या उंचीवर होतं. मग वाटलं, उंची चुकीची होती. सुखाचा काय संबंध.

पण खरी टोचणी तिथं नव्हतीच. ती दीड वर्षानंतरच्या प्रशिक्षणाच्या वर्गात होती. फळ्यासमोरच्या सरांनी ‘छाती-उंची’ हा शब्द मुली बसलेल्या बाजूला न पाहता उच्चारला, पुढं लिहिलं १.३७, आणि घाईनं पुढच्या मुद्द्यावर गेले. उर्वशीनं आकडा उतरवून घेतला. त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत कोणी नसताना ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि टेप जमिनीपासून वर नेला. १.३७ तिच्या ओठांवर आलं. ती तशीच उभी राहिली. टेपाची थंड पत्र्याची पट्टी ओठांना लागलेली, आणि डोक्यात दोन वर्षांचे दोनशे आकडे. त्याआधी सोमारी एकदा म्हणाली होती, “पट्टा खाली वाटते बाई, भाऊचा वर होता.” आणि ती म्हणाली होती, “भाऊ उंच होते ना.” दोघी हसल्या होत्या. म्हणजे माहीत होतं. वर्ग सुटल्यावर जाऊन सांगता आलं असतं. पण नुकतंच सव्वीस जानेवारीला तिला विभागातल्या सर्वांत नीट नोंदवहीचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं, विभागात ती एकटीच बाई गार्ड होती, आणि त्याच महिन्यात मोटारसायकलवरून घसरून तिचा गुडघा फुटला तेव्हा नाक्यावर कोणीतरी म्हणालं होतं, पाह्यलं, बाईच्या हाती गाडी. त्याच वळणावर तीन पुरुष गार्ड पडले होते. ते वळण खराब होतं. म्हणून तिसऱ्या वर्षीही तिनं टेप त्याच पट्ट्यावर धरला. स्वतःला सांगितलं, मापात सातत्य महत्त्वाचं. विज्ञान शिकलेल्या माणसाला स्वतःशी खोटं बोलायला चांगले शब्द मिळतात. मग बदली झाली, लग्न झालं, आडनाव बदललं, आणि ती गोष्ट तिच्या मनात इतकी खाली गेली की गेल्याचीही आठवण उरली नाही.

आज विभागात अकरा बाया गार्ड होत्या. त्यांच्यातल्या दोघी कॅमेरे लावायला एकट्या जात, एकीनं मागच्या महिन्यात लाकडाची ट्रॉली अडवली होती. चार वाजता तिनं तोंड उघडलं की पाच वाजेपर्यंत त्या अकराजणींचा घेर कोणीतरी घेईल, हे उर्वशीला स्पष्ट दिसत होतं. पुरुषाची चूक त्याच्या एकट्याची असते. बाईची चूक सामाईक खात्यात पडते. आणि नाही उघडलं, तर कु. उ. शेंडे कोणाला सापडणार नव्हती. तिनातलं एक झाड मात्र पडणार होतं, जिथं पाचातलं पडायचं होतं तिथं. तिनं एकदा न बोलल्यामुळं, मैलच्या मैल.

जेवायला ती तुकूमला घरी गेली. पुढच्या खोलीत नवऱ्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आदेश खाली मांडी घालून तांब्याच्या तारेचे वेढे देत होता, ओठ हलत होते. वेढे मोजताना त्याच्याशी बोलायचं नाही, हा घरातला एकुलता एक कायदा. तिच्या बदल्यांमागं तो आपलं दुकान घेऊन अहेरीला गेला, मूलला गेला, इथं आला. जळालेले पंप सगळीकडं सापडतात, म्हणे. अहेरीत त्याला ‘गार्डबाईचा’ म्हणत. तो त्या नावानं हाक मारली तरी ओ देई आणि पंपाचे वीस रुपये जास्त लावी. ती उंबऱ्यात उभी राहून त्याचे ओठ पाहत राहिली. “...एकशे एकोणीस, एकशे वीस,” तो म्हणाला आणि तारेला चिकटपट्टी लावली. “भात हाय, पोपटीच्या दाण्याची भाजी हाय. काऊन आली आज लवकर? रडून राह्यली का हासून राह्यली, तोंडावरून समजून नाई राह्यलं.”

जेवता जेवता तिनं सांगितलं. शेंगेचे दाणे कोवळे होते, वर कोथिंबीर. सगळं सांगून झाल्यावर तिला आणखी भात हवासा वाटला, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “वेढे चार कमी पडले तर मोटर फिरते का?”

“फिरते ना. बरी फिरते. गिऱ्हाईक खूश.”

“मग?”

“गरम होते. मंग एक दिवस जळते.” त्यानं तिच्या ताटात भात वाढला. “मंग परत माझ्याकडेच येते. धंद्याले चांगलं हाय ते.”

“मी गंभीरपणे विचारते आहे.”

“मी बी. तुले साहेबाची भीती वाटते का लोकायची?”

तिनं विचार केला. तो नेहमी असं विचारी, दोनच पर्याय ठेवून, पंपाचं बटण असावं तसं. “लोकांची. म्हणतील, बाई पाठवली की असं होते.”

“ते तर तू मेडल आणलं तरी म्हनते,” आदेश म्हणाला. “माह्याबद्दल म्हनतेच ना. भाजी करते म्हनून. भाजी खराब झाली का?”

“मीठ कमी आहे.”

“हे सांग. हे सांगाले भेत नाई तू,” तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

परत येताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तिनं दादाजी भाऊंचा नंबर लावला. सिंदेवाहीकडं मुलापाशी राहत होते ते, एका कानानं कमी ऐकू येई. बराच वेळ घंटी वाजली. हिवाळ्याचं ऊन पाठीवर बरं वाटत होतं. समोरून घुग्घुसकडचे ट्रक जात होते, ताडपत्री फडफडत.

“कोन? उर्वशी कोन?... गार्डबाई! अजून नोकरीतच हाय का तुमी?”

“आहे ना, भाऊ. तो सात नंबरचा प्लॉट आठवतो? त्यावरचे पट्टे मी मारले होते.”

“आठवते तर. पेन्शनीत आल्यावर मोह वेचाले गेलतो तिकडं एकदा. पाह्यले म्या.” ते थांबले. “खाली होते.”

“तुम्हाला दिसलं होतं?”

“दिसन नाई तं का. तीस वर्षं पाह्यलेलं झाड.”

“मग सांगितलं का नाही मला?”

पलीकडं कोंबडी ओरडली, कोणीतरी तिला हाकललं. “कसं सांगाव, बाई?” दादाजी भाऊ म्हणाले. “बाईमानसाले असं कसं म्हनू का तुमचं... का पट्टा खाली काऊन आला म्हनून? मले तवाच सांगता नाई आलं तुमाले, इथी म्हणजे कुठी ते. घरी आलो तं बायको म्हने, नवी बाई कशी हाय? म्या म्हनलं हुशार हाय, समजून घेते.” आणि तो म्हातारा खदखदून हसायला लागला, तशी तीही हसली, हेल्मेट हातात धरून, इतकी की शेजारी पानठेल्यावरचा माणूस पाहू लागला. दहा वर्षं एकमेकांपासून दूर राहून दोघांनी एकच गोष्ट सांभाळून ठेवली होती, त्यानं तिच्या लाजेसाठी, तिनं आपल्या नोंदवहीसाठी. “भाऊ, तुमचा पट्टा कशानं मारला होता? एक सदतीसच्या मापाच्या काठीनं?” “काठी? कायची काठी? मह्या आधीच्या गार्डनं मले उभं केलं अन् म्हने, इथी. त्याले त्याच्या आधीच्यानं. तसंच चालत आलं ते, बाई.”

गाडी सुरू करायच्या आधी तिनं हेल्मेट डोक्यावर चढवलं. मन शांत होतं. निर्णय घेतल्यावर येते ती शांतता नव्हे. निर्णय घेतल्याचं तिला आठवतच नव्हतं. एखादं गणित पाटीवर मांडून झालं की ते आता आपल्याशिवायही सुटेल असं वाटतं, तसं काहीतरी. कार्यालयात येऊन ती स्वातीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “कु. उ. शेंडे म्हणजे मी.” स्वातीनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग अक्षराकडं. “अगं बाई,” ती म्हणाली, नोकरीतलं सगळं मॅडमपण विसरून. मग दोघींनी पाऊण तास बेरीज-वजाबाकी केली.

बैठकीला साहेब धरून सात पुरुष होते आणि या दोघी. साहेबांनी आलेख भिंतीवर लावला होता, उडीभोवती लाल वर्तुळ. उर्वशी उभी राहिली. तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो रोजचाच निघाला. ही उडी झाडांची नाही, मोजणीची आहे, आणि ती मोजणी माझी आहे, असं तिनं सांगितलं. पट्टे जळाले होते, मी ते आपल्या अंगाच्या मापानं मारले, प्रशिक्षणात नियम कळल्यावरही दुरुस्त केले नाहीत. तेराच्या गार्डनं नियमाच्या मापाची काठी लावून पट्टे मारले म्हणून झाडं बारीक दिसली. त्याचा टेप ठीक होता. टेबलाच्या टोकाचे एक जुने अधिकारी शेजाऱ्याला म्हणाले, “म्हणून म्हणतो, मोजणीच्या कामाले बाया...” आणि पुढचं त्यांनी हवेवर सोडून दिलं.

“म्हणजे नेमका किती फरक?” साहेबांनी विचारलं. “तुमची... म्हणजे तुमच्या त्या...” ते थांबले. पेनाचं टोपण काढलं, लावलं, फाईलकडं पाहिलं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपापल्या कागदाकडं पाहिलं. तिला मोहाच्या झाडाकडं वळलेली ती म्हातारी मान आठवली, आणि यांचाही राग आला नाही. फक्त वाटलं, आता हे कोणीतरी म्हणून टाकायला हवं.

“माझी छाती जमिनीपासून एकशे बारा सेंटिमीटरवर आहे, सर,” ती म्हणाली. “नियमापेक्षा पंचवीसनं खाली. स्वाती, लिहून घे.”

स्वातीनं लिहिलं.

“आणखी एक आहे,” उर्वशी म्हणाली. “नेहमीची वाढ वजा केली तर दहा सालची उडी एक पूर्णांक आठ सेंटिमीटरची होते. तेराचा उतार दीडचा. ते दीड माझे. उरलेले तीन मिलिमीटर माझे नाहीत. ते माझ्या आधीच्या पट्ट्याचे आहेत. तोही अंगानंच मारलेला होता, नियमापेक्षा वर. माझी उंची आता वहीत आली. माझ्या आधीच्या कोणाची छाती किती उंचीवर होती, ते या वहीत नाही, बाकीच्या सहा प्लॉटांच्या वह्यांतही नाही. सातही प्लॉट काठीनं परत मोजल्याशिवाय विरळणीचं काही म्हणता येणार नाही.”

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग “फाईल आज जाणार नाही,” एवढंच म्हणाले. उर्वशी खाली बसली. टेबलाच्या टोकाचे ते जुने अधिकारी पस्तीस वर्षांपूर्वी दोन नंबरच्या प्लॉटात मोजणीला होते, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी मान किंचित खाली घातली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशापासून जमिनीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. त्यांचं पाहून शेजारच्यानं. मग पलीकडच्यानं.